टेपचं दुसरं टोक

पहिल्या भेटीत ती एवढंच म्हणाली,
"हे टोक धरा."
जून होता. सायमा सरोवराचं पाणी तेलासारखं निवांत,
आणि माझ्या धक्क्याच्या फळ्यांवर
माझ्याच जाळ्यात गुदमरलेलं सीलचं पिल्लू.
शिव्या खायची माझी तयारी होती,
द्यायचीही.
तिनं नाकापासून शेपटीपर्यंत टेप ताणली,
"सत्त्याऐंशी" म्हणाली, लिहून घेतलं.
आकड्यापुढे माझं नाव लिहिलं नाही.
मी वहीत डोकावून पाहिलं होतं.

तुइरे हायकारा, सागरी सस्तन प्राण्यांची अभ्यासक.
पुउमालाच्या दुकानात लोक हसायचे:
समुद्र इथून दोन तासांवर, ही बाई सागरी कसली?
ती म्हणायची, मी नाही, ते सागरी.
बर्फयुग ओसरलं, जमीन वर आली,
मागच्या मागे वाट बुजली.
त्यांना कुणी कळवलं नाही.
तेव्हापासून गोड्या पाण्यात राहतायत
अंगावर वर्तुळं घेऊन,
प्रत्येकाची वेगळी.
ती त्यांना खडकावरच्या एका नजरेत ओळखायची.
मला मात्र दोनदा दुसऱ्याच कुणाच्या नावानं हाक मारलीन.

संशोधन म्हणजे दुर्बीण, असं मला वाटायचं.
दुर्बीण थोडी. बाकी वाट पाहणं,
ओले मोजे,
आणि फ्रीझर:
चिठ्ठ्या लावलेले दात, यकृताचे तुकडे.
तिचा नवरा ओन्नी म्हणायचा,
आमच्याकडे आइस्क्रीम मागू नका, काय निघेल सांगता येत नाही.

मग शाळेच्या हॉलमधल्या त्या सभा.
वसंतात जाळी नकोत, म्हणे.
मी उभा राहून बोललो, बापाचं पाणी, आज्याची जागा,
आवाज चढला तेव्हा बरं वाटलं.
त्या रात्री तिच्या होडीत कुणीतरी माशांची आतडी ओतली.
कुणी, ते मला माहीत आहे.
तो आता नाही, म्हणून सांगत नाही.
सकाळी तिनं होडी धुतली, म्हणाली,
"ताजी होती."

मी जाळी कधी सोडली, त्याला गोष्ट नाही.
एका एप्रिलात टाकलीच नाहीत.
दाराशी कॉफीचं एक पुडकं आलं,
चिठ्ठी नव्हती.

नंतर बर्फच पडेनासा झाला.
बर्फाच्या ढिगात बीळ करून वितात त्या;
ढीग नाही तर पिल्लू उघड्यावर, कोल्ह्याच्या तोंडी.
म्हणून जानेवारीत आम्ही फावडी घेऊन निघालो,
शिक्षिका, सुतार, बँकेतली दोन पोरं, मी.
गोठलेल्या पाण्यावर, किनाऱ्याला लागून,
आठ मीटर लांब, छातीएवढा ढीग रचायचा.
शेवटी ती हातमोज्यानं
फावड्याच्या खुणा पुसायची,
वाऱ्यानं केलाय असं वाटावं म्हणून.
कुणाला वाटावं?
"त्यांना," ती म्हणायची, "आणि थोडं मलाही."

डिसेंबरात तिचं पेन्शनचं पत्र आलं.
तिच्या जागी व्हिल्यामी, ड्रोन उडवणारा, चांगला मुलगा.
तरी जानेवारीत ती गुडघा बांधून बर्फावर हजर.
कुणी काही बोललं नाही.

काल ढीग खचलेला दिसला.
आत पोकळी, भिंतीला चिकटलेले
पिल्लाचे राखाडी केस.
ती पोटावर आडवी झाली, डोकं भोकात,
इतका वेळ की मला काळजी वाटली.
मग आतूनच म्हणाली,
"टेप विसरले. तुमचा हात केवढा आहे?"

हात केवढा, ते मला कुठे ठाऊक.
अडुसष्ट वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.
मी बाही वर केली, खांद्यापर्यंत हात आत घातला,
थंड, गुळगुळीत, कुणीतरी झोपून गेलेली जागा.
तिनं अंदाजानं आकडा लिहिला, आणि पुढे आणखी काहीतरी.

या वेळी मी डोकावलो नाही.